अडवून ठेवलेला गिअरबॉक्स

मार्चमधल्या एका सकाळी बाबांचा फोन आला, तेव्हा मी पहिला तास संपवून नुकतीच स्टाफरूममध्ये येऊन बसले होते.

"गाडी रायसेन रोडवर उभी आहे," ते म्हणाले. "इंजिन चालू आहे, पाय दिला की ओरडतंय, पण चाकं हलत नाहीत. तुझं झालं की ये. घाई नाही."

बाबा "घाई नाही" म्हणाले की घाई असते, हे मला एव्हाना ठाऊक झालं आहे. पुढचा तास दुसऱ्या बाईंच्या गळ्यात मारून मी शाहपुऱ्याहून स्कूटरवर निघाले. पोचले तेव्हा बाबा रस्त्याच्या कडेला, गाडीच्या दारात बसले होते. काठी गुडघ्यांमध्ये धरलेली आणि डावा पाय हाताने उचलून बाहेर ठेवलेला. गाडीखालून करपलेल्या तेलाचा वास येत होता.

तो पाय चौथ्या वर्षी पोलिओने गेला. पुढे ते इंजिनिअर झाले आणि भोपाळच्या एका कारखान्यात नोकरीला लागले. तीस वर्षं तिथल्या लोखंडी जिन्यांवरून काठी टेकत चढले-उतरले. पण गाडी चालवता येत नव्हती, कारण क्लच दाबायला डावा पाय लागतो. मग नव्वदच्या दशकात कारखान्यात आलेला एक परदेशी तंत्रज्ञ मायदेशी निघाला आणि त्याची जुनी जर्मन गाडी बाबांनी घेतली. ती ऑटोमॅटिक होती, क्लचच नसलेली. तेव्हा भोपाळमध्ये तशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील. पहिल्या दिवशी ते आईला आणि मला घेऊन बडा तालाबच्या काठच्या रस्त्यावर तीन फेऱ्या मारून आले. वाटेत कुठे थांबले नाहीत. आईने चहासाठी म्हटलं तरी थांबले नाहीत.

गाडी ओढत नेऊन आनंद नगरजवळच्या गॅरेजमध्ये टाकली. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. त्यांनी गिअरबॉक्सखालचं तेलाचं तबक उतरवलं. आतलं तेल लाल असायला हवं, ते काळं पडलं होतं, आणि तळाशी गाळ साचला होता. उस्तादांनी तो दोन बोटांत चोळला आणि बोटं बाबांपुढे धरली.

"साहब, अंदर की प्लेटें सब घिस गईं. इसको खोलने में अब कुछ नहीं रखा. दूसरा गिअरबॉक्स ढूँढना पड़ेगा."

"मिलेगा?"

"ढूँढेंगे तो मिलेगा."

मी बाबांना म्हटलं, "आता नवी घेऊ. आता तर लहान गाड्याही ऑटोमॅटिक मिळतात."

"नवी आणलीस तर ती तू चालवशील," ते म्हणाले. "मला शेजारी बसवशील."

माझ्या मनात नेमकं तेच होतं.

जानेवारीत बाबांनी बाजारात एका भाजीवाल्याच्या हातगाडीला धडक दिली होती. कुणाला लागलं नाही, कोथिंबिरीच्या जुड्या तेवढ्या रस्त्यावर पसरल्या. बाबांनी मला सांगितलं नव्हतं. त्या भाजीवाल्यानेच एकदा मेथी देताना सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, काळजीने, आपला डावा हात हलवत. "बाबूजी को उल्टे हाथ की तरफ कम दिखता है क्या?" तेव्हापासून ते गाडी घेऊन निघाले की माझं कशात लक्ष लागत नसे. वर्गात फळ्याकडे तोंड करून गणित लिहिताना मी मनात त्यांच्याबरोबर चौक ओलांडत असे.

गाडी बंद पडल्यावर मात्र वेगळंच सुरू झालं. बाबांना एकट्याला घरात बसवेना. रोज दहाला रिक्षा करून ते गॅरेजमध्ये जात, स्टुलावर बसत, उस्तादांना दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल सल्ले देत आणि जेवायला परत येत. दुपारभर व्हरांड्यात येरझाऱ्या. मी त्यांच्याकडे गेले की काठीचा आवाज फाटकापासूनच ऐकू येई. एका वहीत त्यांनी देशभरच्या भंगारवाल्यांचे आणि पार्टवाल्यांचे नंबर उतरवायला घेतले होते. "दिल्लीचा म्हणतो आठ दिवसांनी फोन करा," असं काहीबाही सांगत.

महिनाभराने उस्तादांनी मला फोन केला. इंदूरच्या एका व्यापाऱ्याकडे तसाच गिअरबॉक्स मिळाला होता. मागून ठोकलेल्या गाडीतून काढलेला, त्यामुळे आतून चांगला.

"साहब का फोन लग नहीं रहा था, तो सोचा आपको बता दूँ. मँगवा लूँ?"

मी तेव्हा साकेत नगरमध्ये एका आजारी मैत्रिणीला भेटून बाहेर पडत होते. रस्त्यात उभी राहिले. आणि मी म्हणाले, "उस्ताद, अभी रुकिए. और बाबा को मत बताइए."

ते म्हणाले, "बेटा, वो रोज़ यहाँ आकर बैठते हैं."

"मालूम है."

"ठीक है," ते म्हणाले. पण त्यांना ते ठीक वाटलं नव्हतं.

तीन आठवडे गेले. मी स्वतःला सांगत होते की हे त्यांच्या भल्यासाठी आहे, आणि ते खरंही होतं. पण बाबांसमोर बसलं की मला पाच मिनिटांपेक्षा जास्त बसवत नसे. उठून भांडी आवरत असे, कुंड्यांना पाणी घालत असे. उस्तादांनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं आहे असं बाबा म्हणाले, तेव्हा तर मी गॅस पुसत होते तो पुसतच राहिले.

एका रविवारी जेवण झाल्यावर बाबांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली.

"काल इंदूरच्या एकाशी बोललो. म्हणाला, आहे माझ्याकडे, पण भोपाळच्या एका उस्तादांसाठी बाजूला काढून ठेवलाय. तीन आठवडे झाले, ते नेतही नाहीत आणि नकोही म्हणत नाहीत." त्यांनी चष्मा काढला. "मी उस्तादांना विचारलं. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. फक्त खाली बघितलं."

"मीच सांगितलं होतं त्यांना," मी म्हणाले.

"ते कळलं. का?"

"तुम्ही हातगाडीचं मला सांगितलं होतं का?"

बाबा बराच वेळ वहीची कड नखाने खरवडत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. लहानपणी ते चिडले की काठी दुसऱ्या हातात घेत. पण काठी दाराला टेकलेली होती, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"नाही सांगितलं," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तू बंद करायला लावलं असतंस. पण तू मला तोंडावर बंद करा म्हणायला हवं होतंस. मी भांडलो असतो. भांडायला तरी मिळालं असतं." मग वही मिटून म्हणाले, "तो गिअरबॉक्स बसवून घे. पहिल्या दिवशी तू माझ्या शेजारी बस. तू म्हणालीस थांबा, तर मी थांबेन."

गिअरबॉक्स आला, गोणपाटात गुंडाळलेला. बसवायच्या दिवशी मी रजा काढली. जुना खाली उतरवायलाच अर्धा दिवस गेला. मग उस्ताद आणि त्यांचा भाऊ जॅकवर नवा चढवू लागले. तो इंजिनला जवळजवळ भिडला, बोटभर फट राहिली. जेवणाची वेळ टळून गेली होती, उकडत होतं, सगळेच वैतागलेले. उस्तादांनी बोल्ट लावले आणि भावाला म्हणाले, "कस दे, अपने आप बैठ जाएगा."

बाबा स्टुलावरून उठले. वाकता येईना म्हणून काठीच्या आधाराने एका बाजूला जवळजवळ आडवे झाले आणि टॉर्च मारला.

"मत कसो," ते म्हणाले. "हाथ से नहीं बैठ रहा मतलब आगे का कन्व्हर्टर पूरा अंदर नहीं गया. कसोगे तो पंप टूटेगा."

"साहब, चालीस साल से कर रहा हूँ."

"इसलिए तो कह रहा हूँ. एक बार उतार के देख लो."

उस्तादांनी कपाळाचा घाम पुसला, माझ्याकडे पाहिलं, मग गिअरबॉक्स पुन्हा खाली घेतला. पुढची जड तबकडी, म्हणजे तो कन्व्हर्टर, त्यांनी दोन्ही हातांनी दाबत हळूहळू फिरवली. खट् आवाज होऊन ती आणखी आत गेली. पुन्हा वर चढवला तेव्हा फट उरली नाही. उस्तादांनी आपल्या डब्यातली एक रोटी बाबांच्या हातात दिली आणि बाबांनी ती उभ्याउभ्याच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. गाडी जागची हलली तेव्हा बाबांनी नुसता श्वास सोडला. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना हिसका बसत होता, बाकी ठीक. रायसेन रोडला ते सावकाश, नीट चालवत होते. मी त्यांचे डोळे पाहत होते, आरसा पाहत होते, माझा हात दाराच्या कडीवरून निघत नव्हता. एका चौकात डावीकडून एक सायकलवाली बाई पुढे आली. मी वाट पाहिली. त्यांचा पाय ब्रेककडे हललाच नाही.

"बाबा!"

गाडी थांबली. बाई मागे वळून बघत निघून गेली. बाबा थोडं पुढे गेले आणि त्यांनी गाडी कडेला घेतली. मी "थांबा" म्हटलंच नव्हतं.

"मला ती दिसलीच नाही," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. इंजिन चालूच ठेवून त्यांनी दार उघडलं, पाय उचलून बाहेर ठेवला आणि गाडीला धरत धरत माझ्या बाजूला आले. "तू चालव."

मी ती गाडी कधी चालवली नव्हती. त्यांनी कधी दिलीच नव्हती. पहिल्याच सिग्नलला माझा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि रुंद ब्रेकवर जोरात पडला. आम्ही दोघंही पुढे फेकले गेलो. मागून हॉर्न वाजले.

"डावा पाय विसर," बाबा म्हणाले. "मी सत्तर वर्षं विसरलोय, तुला एक दिवस जमत नाही?"

मी हसले, आणि मग मला रडू येऊ लागलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि सिग्नल हिरवा झाल्याचं सांगितलं.

नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डाव्या बाजूची नजर काचबिंदूने कमी झाली आहे, गेलेली परत येणार नाही. थेंब सुरू झाले. बाबांनी चावी मला दिली नाही, ती त्यांच्याच खुंटीवर असते. पण ते गाडी बाहेर काढत नाहीत. मी आठवड्यातून तीनदा जाते, त्यांना हवं तिथे नेते. ते शेजारी बसून मी कुठे चुकते ते सांगतात. त्यांच्या येरझाऱ्या थांबलेल्या नाहीत, उलट वाढल्या आहेत. मी पोचायला दहा मिनिटं उशीर केला, तर ते फाटकाबाहेर येऊन, माझी स्कूटर दिसते का ते पाहत रस्त्यावर उभे असतात.