सरांना ऐकवलेला उशीर

माझी ताई लातूरला एका खासगी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायची. शहराला रेल्वेनं पाणी येत होतं, तो उन्हाळा. क्लासच्या वसतिगृहात मुलींना दर खोलीला एक बादली पाणी मिळायचं आणि मालकाच्या बंगल्यापुढची हिरवळ टँकरनं भिजायची. मालकाला सगळे सर म्हणत.

पालकसभेत ताईनं माइक घेऊन हाच विषय काढला. मी तिला घरी, बिलोलीला न्यायला आलो होतो, मागं बसलो होतो. तिचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत सरांनी साउंडवाल्याकडं बघून गळ्यावरून बोट फिरवलं. ताईचे ओठ हलत राहिले, आवाज बंद. सर आपल्या माइकवरून म्हणाले, "मॅडमच्या घशालाबी दुष्काळ पडला वाटतं!" सगळं सभागृह हसलं. ज्यांच्या पोरी त्या खोल्यांत राहत होत्या, तेही हसले.

दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. घरी आल्यावर ती बोलेनाशी झाली. माय जेवायला हाक मारायची, ही नुसती मान हलवायची. मी मोटारसायकलवर असलो की त्या माणसाला मनातल्या मनात बडवत जायचो. प्रत्यक्षात काय करायचं, ते काही सुचत नव्हतं.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून मी नांदेडच्या एका चाचांच्या साउंडच्या धंद्यात होतो. चाचांनी नवा डिजिटल मिक्सर घेतला होता, तो जोडणं आणि चालवणं माझ्याकडं. त्याच उन्हाळ्यात लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका तालुक्यानं नव्या जिल्ह्याची मागणी लावून धरली. सभेचं काम चाचांना मिळालं. प्रमुख वक्ते म्हणून पत्रकावर सरांचा फोटो होता.

सकाळीच पोचलो. माइकच्या सगळ्या वायरी स्टेजवरच्या डब्यात खोचल्या, तिथून एकच केबल मिक्सरपर्यंत आणली. मैदान लांबट होतं. अशा ठिकाणी मागच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडावा लागतो, नाहीतर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हा उशीर, म्हणजे डिले, मिक्सरच्या पडद्यावर हवा तेवढा लावता येतो. मी तो मागच्या खांबावरच्या स्पीकरला लावला, आणि मग नजर वक्त्याच्या पायापाशी ठेवलेल्या मॉनिटरवर गेली. त्या छोट्या स्पीकरमधून वक्त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो.

सर माइक तपासायला आले. त्यांनी मला ओळखलं नाही. "ए मिक्सरवाले, माझा आवाज मला खणखणीत ऐकू आला पाहिजे. त्याशिवाय रंगत येत न्हाई."

"हाव सर," मी म्हणालो.

आधी गावातले एक वकील बोलले, स्वच्छ, सरळ. मग सर उभे राहिले. मी मॉनिटरचा आवाज चढवला आणि त्याला पापणी लवावी एवढा उशीर लावला. आपलाच शब्द असा किंचित उशिरा जोरात कानावर आला की जीभ अडखळते. हे मी कॉलेजात स्वतःवर करून बघितलं होतं.

"बंधू... बंधूं... भगिनींनो, आपला जि... जिजिल्हा..."

समोरच्या लोकांना फक्त अडखळणारा माणूस ऐकू येत होता. मग कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "सर सकाळीच घेऊन आले का काय?" हसू मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलं. सरांनी माइकवर टिचक्या मारल्या. "माइक ख... खराब..." हसू वाढलं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मी मिक्सरवर हात ठेवून, डोळे न हलवता बघत होतो. बरं वाटत होतं. लई बरं वाटत होतं.

चाचा पडद्यावर वाकले. "बेटा, मॉनिटरला डिले राहिला काय?"

"राहिला न्हाई चाचा. लावलाय."

"कोन हाय तो?"

"ताईच्या क्लासचा मालक."

चाचांना सगळं माहीत होतं. त्यांनी चहाचा ग्लास उचलला आणि खुर्ची जनरेटरकडं फिरवून बसले.

सर घामाघूम होऊन खाली बसले, तसा मी उशीर काढून टाकला. पुढचा वक्ता खणखणीत बोलला, म्हणून माइकवर कुणी शंका घेतली नाही. परतताना टेंपोत चाचा एवढंच म्हणाले, "एकदा झालं. आता माझ्या मशीनवर परत न्हाई."

मी घरी पोचायच्या आधीच सभेचा व्हिडिओ मोबाइलवर फिरत होता. ताईनं तो बघितला, पुन्हा लावला, पुन्हा.

"तू केलंस?"

"हाव."

"कसं?"

मी सांगू लागलो. तिनं मध्येच अडवलं. "उशीर आणखी वाढवला तर जास्त अडखळतो का?"

"न्हाई. लई वाढवला तर माणूस सावरतो. नेमका तेवढाच लागतो."

ती विचारत राहिली, मी सांगत राहिलो. माय ताटं वाढून आमच्या तोंडाकडं बघत होती. शेवटी ताई म्हणाली, "परत कधी सभा हाय त्याची?"

नव्हती. जिल्ह्याची मागणी करणाऱ्या समितीनं पुढच्या पत्रकांवरून त्यांचा फोटो काढला. जिल्हाही झाला नाही. पण सर त्या भागात पुन्हा स्टेजवर चढलेले कुणी पाहिले नाहीत. मला मात्र राहून राहून वाटतं, ते फार लवकर खाली बसले.