टाकी भरल्याचा आवाज

आमच्या बोरची मोटर अन् माहे बाबा, दोघंही सकाळी सारखेच खोकलते. पहिले घशात काईतरी अडकल्यासारखं घर्रर्र, मंग थोडं थांबनं, मंग फस्स करून नुसती हवा. मले दोन्ही आवाज काढता येते. आवाज काढनं हेच माहं काम आहे. प्लांटचा भोंगा, सुपेला चौकातला ट्राफिकवाला, शाळेतल्या गणिताच्या सरांची नाकातली शिट्टी, सगळे माह्या गळ्यात राहतात अन् कोनीच भाडं देत नाई.

पन त्या उन्हाळ्यात मी मोटरचा आवाज काढला की घरात कोनी हासे ना.

बाबा प्लांटमधी ब्लास्ट फर्नेसवर होते, म्हनजे लोखंडाच्या भट्टीवर. नोकरीभर आमी सेक्टर २ च्या क्वार्टरमधी राहिलो. तिथं नळ टायमावर यायचा, अन् पानी येते कुठून हे विचाराची कोनाले गरज पडली नाई. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, अन् सुपेल्याच्या मांगं एका कच्च्या गल्लीत आमी घर बांधलं. आईचं हे पहिलं घर, ज्याच्या भिंतीत खिळा ठोकाले कोनाले विचारा लागत नाई. तिनं पहिल्याच आठवड्यात जागोजागी खिळे ठोकून ठेवले. काई खिळ्यायले आजपर्यंत काईच टांगलं नाई. टांगाचं काय आहे, म्हने, ठोकता आले हेच खूप झालं.

गल्लीचा बोर एकच, आमच्या फाटकाजवळ. त्याच्या बाजूले शोषखड्डा होता. खड्डा म्हनजे काई थाट नाई, दगड अन् गिट्टी भरलेली, वर रेती. पावसाचं पानी, न्हानीचं पानी त्यात जाये अन् खाली मुरून जाये. काठावर आईनं केळी लावली होती. मच्छर होते, गाळ होता, पोरायचे बॉल जायचे. खड्ड्याले गल्लीतल्या कोनाचाच चांगला शब्द कधी ऐकू आला नाई.

अशातच मले एका संस्थेत काम लागलं. बस्तीबस्तीत जाऊन, नकला करून, लोकायले सस्टेनेबिलिटी समजवायची. संस्थेच्या म्याडमनं तो शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मले वाटलं खोकल्याचं औषध आहे. मराठीत त्याले 'शाश्वत' म्हनतात, हे मंग समजलं. घरी येऊन आईले सांगितलं तं ती म्हनली, शाश्वत तं देव राहते, तू कायले त्याच्या भानगडीत पडतं. संस्थेच्या हिंदी कागदावर 'टिकाऊ' लिहिलं होतं. हा शब्द मले आवडला. सुपेल्याचा बाल्टीवाला रोज तेच ओरडते, टिकाऊ है भैया, लात मार के देखो. मी त्याची नक्कल उचलली अन् तोच शब्द घेऊन निघालो.

शो चांगला जमला होता, खोटं कायले बोलू. कार्बन फुटप्रिंट सांगितला की समोर बसलेली एखादी चाची चप्पल उलटी करून तळवा पाहे. मी सांगायचो, चाची, पायाचा नाई, चुलीचा ठसा. तू जे जाळतं, ज्यावर बसून फिरतं, जे विकत आनून फेकतं, त्या सगळ्याचा धूर वर कुठंतरी उमटते, पुसता येत नाई. माहे बाबा सायकलनं प्लांटले जायचे, त्यायचा ठसा बारका. मी पानठेल्यापर्यंत मोटरसायकल काढतो, माहा ठसा हत्तीचा. लोक हासायचे अन् घरी जाताना पायी जायचे, निदान वळनापर्यंत तं जायचेच.

वस्तू गोल फिरल्या पाहिजे, हे समजवाले मी बाबाले उभं करायचो. भट्टीत लोखंड वितळलं की वर मळ येते, त्याले स्लॅग म्हनतात. पहिले त्याचे डोंगर लागायचे. आता तो दळून सिमेंटात जाते. अहिवाऱ्याकडच्या खानीतली चुनखडी अन् भट्टीचा मळ, दोन्ही मिळून लोकायचे घरं उभे राहते. बाबा त्याआधी कधी स्टेजवर बोलले नव्हते, पन हे सांगताना त्यायची छाती फुले. "आमचा कचरा बी वाया जात नाई," असं म्हनून ते खाली बसायचे, अन् मी टाळ्या मागायचो.

शोच्या शेवटी बाल्टीवाल्याच्या आवाजात माही आरोळी असे, अपनी गली को टिकाऊ बनाओ.

गल्लीनं ते मनावर घेतलं. थंडीत सिमेंट रोडचं काम मंजूर झालं तेव्हा मी अहिवाऱ्याकडच्या शाळायमधी शो करत फिरून राहिलो होतो, मुक्काम तिकडंच. गल्लीनं बाबाले पुढं केलं. प्लांटचा मानूस, मटेरियलची समज. बाबानं उभं राहून काम करून घेतलं. ठेकेदार मधातच रोड टाकत होता, बाजूची माती सोडून. बाबानं भांडून भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकाले लावला. केळी काढली, खड्ड्यात मलबा भरला, वरून काँक्रीट. पानी मारून मारून असं पिकवलं की खिळा घुसनार नाई.

मी परत आलो तेव्हा बाबा फाटकात उभे होते. पायानं दोनदा ठोकून दाखवलं अन् म्हनले, "पाय. टिकाऊ."

गल्ली खरंच सुंदर दिसून राहिली होती. समोरच्या घरातल्या चाचीचे पापड वाळत होते, थेट रोडवर. मी खड्डा शोधला, दिसला नाई. बाबायच्या चेहऱ्याकडं पाह्यलं तं बोलाची हिंमत झाली नाई. जे टिकते, तुटत नाई, ते टिकाऊ. बाल्टीवाला बी हेच सांगे, बाबा बी हेच समजले. त्या हिशोबानं पाह्यलं तं नाल्यात अडकलेली प्लास्टिकची पन्नी दुनियेत सगळ्यात टिकाऊ.

उन्हाळा लागला अन् मोटर खोकलू लागली.

हे कसं होते ते मी दुसऱ्या बस्तीत रोज सांगत होतो. जमिनीच्या खाली एक मोठी टाकी आहे समजा. बोर म्हनजे तिच्यात घातलेली नळी. आपन वरून ओढत राहतो, अन् पाऊस मातीतून मुरून मुरून तिले भरत राहते. ओढनं अन् भरनं बरोबरीनं चाललं तं चाललं. तिचं तोंड बंद केलं अन् नळी चालूच ठेवली, तं एक दिवस नळीतून हवा येईन. हे सांगताना मी हवेचा आवाज काढायचो अन् लोक पोट धरून हासायचे. मंग घरी येऊन नळ उघडायचो, अन् नळ माही नक्कल करायचा.

टँकर येऊ लागला. कधी येईन काई ठिकाना नाई. चाची बाल्टी घेऊन रोडवर बसून राहे अन् मी दिसलो की विचारे, "कइसे बाबू, पानी आइस का?" तिच्या बाल्टीत तोंड घालून मी तिच्याच आवाजात हो म्हनायचो, ती मले झाडू दाखवायची. पन डोळे तिचे रोडच्या टोकालेच.

घरात आईनं पान्याचे पाय बांधले. तांदूळ धुतलेल्या पान्यात भाजी धुवायची, त्याच पान्यात भांड्यायचा पहिला हात, अन् उरलं ते तुळशीले. अंघोळ टपात बसून, खालचं पानी संडासात. मी मग्गा जरा भरून घेतला की मांगून आवाज येई, "पुरवून वापर." दिवसभर हेच. पुरवून घे, पुरवून टाक, पुरव रे बाप्पा. अन् एक दिवस शोमधी, टिकाऊ म्हनाले तोंड उघडलं, तं तोंडातून निघालं पुरवून. मजबूत आहे की नाई हा सवालच नाई. उद्या पुरीन का, अन् तुह्यानंतर जो येईन त्याले पुरीन का, एवढंच. म्याडम मांगं बसल्या होत्या, त्यायनं मान हलवली. मले वाटलं आता तरी शब्द सापडला. पन माह्या गल्लीत तो शब्द उशिरा पोचला होता.

बाबानं घर विकाचं काढलं. गोंदियाकडं काकाचं घर आहे, तिथं विहीर आहे, तिकडं जाऊ म्हने. आई भिंतीतल्या खिळ्यायकडं पाहत राहिली. दलाल एका मानसाले घेऊन आला. त्यानं ना खोल्या पाह्यल्या, ना रोडचं काँक्रीट. सरळ मोरीत गेला अन् नळ उघडला. नळानं लांब श्वास सोडला. तो मानूस हात कोरडेच पुसत बाहेर आला. दलाल म्हनला, भाव उतरवा लागीन, मी उद्या संध्याकाळी येतो.

त्याची पाठ फिरली तसं आईनं बाबाकडं पाह्यलं. भांडनाचा आवाज नव्हता तिचा. भाजी काय करू विचारावं तसं बोलली.

"पानी पुरलं नाई म्हनून सांगू नका लोकायले. तुमी पुरलं."

आमच्या भाषेत हा एकच शब्द आहे. पुरनं म्हनजे कमी न पडनं, अन् पुरनं म्हनजे मातीखाली गाडनं. बाबा आत जाऊन पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले. त्या रात्री जेवले नाई, दुसऱ्या दिवशी बी उठले नाई. मी त्यायच्याच खोकल्याची नक्कल करून पाह्यली, एरवी ते शिवी देतात. शिवी बी आली नाई.

त्याच दुपारी आई अन् मी मागच्या दारात बसलो होतो. ऊन असं की चाचीचा कुत्रा नालीत पोट टेकवून पडला होता. आईच्या मांडीवर तांदळाच्या धुवनाचं भगोनं होतं. एवढंच पानी उरलं होतं अन् ते कशात वापरावं हे तिचं ठरून नव्हतं राहिलं. एकदम म्हनली, "टाकी भरल्याचा आवाज काढ ना."

मी म्हटलं, कावून? तिनं भगोनं मांडीवर सावरून धरलं.

मी काढला. पहिले मोटरचं गुरगुरनं, सरळ, न खोकलता. मंग पाइपातून चढनारं पानी. मंग रिकाम्या टाकीत पडनारी जाड धार, तिचा आवाज हळूहळू बारीक होत जाते, कारन टाकी भरत जाते. शेवटी काठावरून सांडनारं, पत्र्यावर टप टप टप. आईनं डोळे मिटले होते. माहा गळा सुकला होता, पन मी थांबलो नाई, कारन ती ऐकून राहिली होती.

आतून बाबा झोपेतच ओरडले, "मोटर बंद कर रे, पानी वाया चाललं."

आईनं डोळे उघडले. मी तोंड बंद केलं. आत पलंग करकरला. बाबा लुंगी सावरत दारात आले, वर टाकीकडं पाह्यलं, मंग माह्या तोंडाकडं. मले वाटलं आता पडते एक कानाखाली. पडली असती तं बरं झालं असतं. पन ते जिन्याखाली वाकले. तिथून लोखंडी सब्बल काढली अन् मोठा घन काढला.

फाटकाबाहेर, जिथं केळी होती तिथं, त्यायनं पहिला घाव घातला. ठण्. पांढरा डाग पडला, बस. दुसरा. ठण्. चाची बाहेर आली, आजूबाजूचे आले. अभी तो बना है, दिमाग खराब हो गया क्या, म्हनून चाचीनं डोक्याले हात लावला. घाव, खोकला, घाव, खोकला. सारी चुनखडी, त्यायच्याच भट्टीतून निघालेला सारा मळ, त्यायच्याच पायाखाली जमून बसला होता अन् सुटत नव्हता.

एकदा थांबून मले म्हनले, "टिकाऊ आहे साला."

मी त्यायच्या हातातून घन घेतला. माहे हात असल्या कामाचे नाई, मी आवाज काढनारा, लवकर सोलले. मी थांबलो की बाबा घ्यायचे, ते थांबले की मी. ऊन उतरेपर्यंत ताटाएवढं भोक पडलं. खाली मलबा निघाला, तो आमी हातानं उपसला. तेव्हा कुठं माती दिसली, सुकी, भुरकी, तडकलेली.

मले माहीत होतं. एका भोकानं बोर भरत नाई. पाऊस पडा लागते, मुरा लागते, कधी कधी किती पावसाळे जाते कोनाले माहीत. हेच मी लोकायले सांगून राहिलो होतो, हासवून हासवून. गल्लीत बाकीचं सिमेंट भिंतीपासून भिंतीपर्यंत तसंच होतं.

दलाल आला. गाडी लावून त्यानं एकदा बाबाले पाह्यलं, एकदा भोकाले, अन् विचारलं, तो फिर क्या बोलूँ पार्टी को. बाबा घामानं भिजले होते, श्वास पुरत नव्हता. ते बोलनार तेवढ्यात आई बाहेर आली. तिच्या हातात तेच भगोनं होतं. ती भोकाजवळ उकिडवी बसली अन् धुवनाचं सगळं पानी आत ओतून दिलं. दिवसभर ज्याच्या थेंबाले कोनाले हात लावू दिला नव्हता, ते सगळं.

पांढरं पानी भोकात तसंच उभं राहिलं. हलेना. दलाल घड्याळ पाहत होता. चाची कमरेवर हात देऊन उभी होती. बाबा गुडघ्यावर वाकून पाहत होते, अन् खोकला येत होता तो त्यायनं तोंडात दाबून धरला होता, जसा काई आवाजानं पानी बिथरीन.

मंग मधातून एक बुडबुडा वर आला. बारीकसा आवाज झाला. तो मले आजपर्यंत काढता आला नाई.

"थांबाले सांग त्याले," आई मले म्हनली. दलाल गाडीवर टेकून उभा राहिला, अन् आमी पाहत राहिलो, पानी खाली जाते का.