नेड हेपलचा पहिला नंबर

शेणखताने भरलेली माझी ढकलगाडी कथबर्ट रिडलीच्या वाफ्यात कलंडली आणि त्याच्या दोन लीकपैकी एक कडकन मोडलं. लीक म्हणजे कांद्याचा धिप्पाड चुलतभाऊ. आमच्या नॉर्थम्बरलंडच्या खाणगावात माणसं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवतात. प्रदर्शन चार दिवसांवर, आणि तिथे दोनांची जोडीच मांडावी लागते. कथबर्ट अंथरुणाला खिळलेला, म्हणून मदतीला गेलो होतो. ही मदत!

शेजारच्या वाफ्यातून नेड हेपल धावत आला. एकवीस वर्षं कथबर्ट पहिला, हा दुसरा. मला वाटलं, मिठीच मारतोय.

"गाढवा, वाटोळं केलंस माझं!"

"तुझं? अरे, तुझं तर फावलं!"

आमच्याकडे 'आउटडू', म्हणजे समोरच्यावर मात करणं, हा शब्द ऑगस्टपासून घराघरात ऐकू येतो. बायका एकमेकींना पडद्यांनी आउटडू करतात, पुरुष लीकने. चांगलं माणसाला एकट्यानेही असता येतं. आउटडू करायला मात्र समोर कुणीतरी लागतं, आणि तेही धडधाकट. कथबर्टची फुप्फुसं कोळशाने खाल्ली होती. पुढच्या सप्टेंबरचा विषय डॉक्टरही काढत नव्हते. त्याला हरवायची नेडला ही शेवटचीच संधी होती.

मी कथबर्टकडे गुन्हा कबूल केला. तो खोकत खोकत हसला.

"म्हणजे नेडने माझ्या लीकवर सुरी नाही चालवली? एवढी हिंमत कुठली त्याच्यात! त्याला सांग, जोडी मांड. नाही मांडलीस, तर भ्यालास म्हणेन."

निरोप ऐकून नेड म्हणाला, "म्हातारा मरतानाही टोचतोय." पण जोडी मांडली.

शनिवारी क्लबातल्या प्रदर्शनात परीक्षकांनी लीकना मोजायची टेप लावली. पहिला नंबर, नेड हेपल! टाळ्या पडल्या, चषक मिळाला. नेडने तो खरेदीच्या पिशवीत कोबीसारखा कोंबला आणि घरी निघाला, मी सोबत. वाटेत कथबर्टची खिडकी लागली. पडदा ओढलेला होता. नेड तिथे जरा थांबला, आत जावं की नाही अशा विचारात, आणि तसाच पुढे झाला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "काही म्हण नेड, अखेर कथबर्टला आउटडू केलंसच."

"कथबर्टला नाही. तुझ्या ढकलगाडीला."