‘ताई, बोट कुटं हाय?’ : मावळातला एक रविवार

जुलैत लोणावळ्याला जाऊ नका, असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. गर्दी असते, रिक्षावाले वाट्टेल ते मागतात, धुक्यात काही दिसत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, तरी आम्ही गेलो. आम्ही म्हणजे मी आणि रुक्साना. बार्शीच्या एकाच शाळेत शिकवतो, मी मराठी आणि ती गणित. आमच्याकडे पाऊस येतो तो ढेकळं भिजवून जातो. डोंगरावरून पाणी कोसळताना बघायचं, एवढ्यासाठी शुक्रवार आणि सोमवारची रजा टाकली आणि निघालो.

बार्शी-पुणे एसटी, पुढे लोकल. पहिला मुक्काम देहूरोडला रुक्सानाच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे. खालाचे यजमान तिथल्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेत. खालाने गरम भाकरी आणि अंड्याचा रस्सा वाढता वाढता आमचा बेत ऐकला आणि बदलून टाकला. “लोणावळा शनिवारी सकाळीच उरका गं. दुपारच्या आत खाली उतरा. रविवारी तिथं माणूस माणसावर असतं.” जाणाऱ्यांनी हा सल्ला लिहून ठेवावा.

शनिवारी सकाळची लोकल बरीच रिकामी होती. बेगडेवाडीला शिरगावच्या साईमंदिराला निघालेलं एक कुटुंब उतरलं आणि डबा आमच्यावर सोडून गेलं. तळेगाव मागे पडल्यावर दोन्हीकडे भाताची लावणी चाललेली. लोणावळ्यात रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवून घ्या. पॉइंटवर दरी आहे असं सगळे म्हणत होते, आम्हाला नुसतं पांढरं दिसलं. त्या पांढऱ्यात उभं राहून कणीस खाल्लं, चिक्की घेतली आणि कामशेतला परत आलो. दुपारी लोकल कमी असतात, वेळ आधी बघून ठेवा. कामशेतहून जीपने तासाभरात धरणाच्या बाजूच्या एका गावात पोचलो. तिथे विलासभाऊ आणि त्यांच्या पत्नी सुनंदाताई यांच्या घरी खोली ठरवली होती.

दोन खोल्या, पुढे पडवी, मागे भाताचं खाचर. माणशी हजाराच्या आसपास, दोन वेळचं जेवण धरून. रात्री सुनंदाताईंनी खेकड्याचा रस्सा आणि इंद्रायणी तांदळाचा मऊ भात वाढला. मी सहसा भात कमी खाते. त्या रात्री तीनदा घेतला. विलासभाऊ मोजकंच बोलणारे, पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे. त्यांनी एकच विचारलं, “पवायला येतं का?” दोघींनाही येत नव्हतं. ते फक्त “बरं” म्हणाले.

रविवारी सकाळी धबधब्याकडे निघालो तर त्यांनी पडवीत थांबवलं. “हितं उभ्या ऱ्हावा. एक फोटो घेतो.”

मला वाटलं, त्यांच्या फेसबुकच्या पानावर टाकायला असेल. रुक्सानाने ओढणी नीट केली. भाऊ मागे सरकत म्हणाले, “पायापासनं येऊ द्या. चपला दिसल्या पायजेत.” आम्ही हसलो आणि पाय पुढे करून उभ्या राहिलो.

धबधबा सुंदर होता, हे लिहिलंच पाहिजे. घरून चालत अर्धा तास, वाट निसरडी, बूट चांगले हवेत. पाण्यात उतरू नये अशी पाटी होती. पाटीच्या पलीकडे पन्नासेक माणसं होती, पोरं कडेवर घेतलेल्या बायासुद्धा. मग आम्हीही गेलो. गुडघाभर पाण्यात उभं राहून एकमेकींचे फोटो काढले. पायाखालून वाळू सरकत होती आणि आम्हाला त्याची मजा वाटत होती.

जेवताना सुनंदाताई म्हणाल्या, “चार वाजता आमदारताई यायच्यात. मुंबईत नवं अधिवेशन सुरू झालंय, तितं काय काय केलं ते सांगनार. येताय का?” बाहेर पाऊस होता, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. गेलो.

बुद्धविहारासमोर पत्र्याचा मंडप आहे, तिथे सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. आमदारताई या भागातून पहिल्यांदाच निवडून आलेल्या, चाळिशीच्या. ओढ्यावर पाणी असल्यामुळे गाडी अलीकडे ठेवून चालत आलेल्या, साडीचा काठ चिखलाने भरलेला. सोबत एक सहायक, त्यांचा हात सारखा घड्याळाकडे जाणारा. ताईंनी सगळ्यांना जय भीम घातला आणि सरळ मुद्द्यावर आल्या. शाळेच्या छताचा प्रश्न लावला, उत्तर यायचंय. संध्याकाळच्या एसटीबद्दल मंत्र्यांना भेटले, होईल असं म्हणतात, झालं की खरं. मला त्यांचं बोलणं आवडलं. फुगवून सांगत नव्हत्या.

मग त्या म्हणाल्या, “आणि आता तुमच्या गावाच्या अभिमानाची गोष्ट. पर्यटक बुडून मरतात, यावर सभागृहात चर्चा झाली. सगळे आपल्या भागाला नावं ठेवत होते. मी उभी राहिले आणि सांगितलं, आमच्याकडे या गावात बचाव पथक आहे. बोट आहे, प्रशिक्षण घेतलेली बारा मुलं आहेत. पथकाचे प्रमुख विलासभाऊ यांचं नाव मी सभागृहात घेतलं. बाकं वाजली. त्यांचा सत्कार करायचं ठरलंय.”

त्या टाळ्यांसाठी थांबल्या. एकही टाळी वाजली नाही. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. माणसं एकमेकांकडे बघत होती, मग सगळ्यांनी हळूहळू मागे वळून विलासभाऊंकडे बघितलं. ते आमच्या पुढच्याच रांगेत बसले होते. उठले.

“ताई, बोट कुटं हाय?”

आमदारताईंना वाटलं, ते मोठी बोट मागतायत. “या वर्षी नवीनही मिळेल, भाऊ. मी पाठपुरावा...”

“तसं न्हाई. आत्ता हाय म्हनला ती बोट. कुटं हाय? आन् बारा पोरं कोन?” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. “पथक न्हाई ताई हितं. मी हाय आन् माझा चुलतभाऊ हाय. त्याचा खांदा निखळलाय, तो नुसता दोर धरतो.”

ताईंनी सहायकांकडे बघितलं. ते कुजबुजले, “मॅडम, आपल्याला जी माहिती आली होती...”

“ऐका जरा,” विलासभाऊ म्हणाले. “मी रोज सकाळी पाव्हन्यांचा फोटो काढतो. ह्या दोगींचा आज काढला. कशापाई काढतो? मानूस पान्यात दोन दिस ऱ्हायलं की तोंड वळखू येत न्हाई. आई-बापाला बी न्हाई. मग कपडा कुटला, चप्पल कुटली, त्यावरनं सांगाया लागतं. आमचं पथक म्हंजी एवढंच.”

रुक्सानाने माझा दंड धरला होता, तिची नखं रुतली तरी मी हात काढला नाही. सकाळी हसत पुढे केलेले आमचे पाय मला दिसत होते. त्या माणसाने आमच्याकडे बघताना काय डोळ्यांसमोर आणलं असेल, तेही कळलं. काही तासांपूर्वीच गुडघाभर पाण्यात मजा वाटत होती.

आमदारताईंचा चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या, “हे मला कुणी सांगितलं नाही.”

“तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं,” सुनंदाताई बायकांमधून म्हणाल्या. ओरडून नाही, जेवायला वाढताना बोलतात तशा आवाजात. पण त्या एका वाक्यानंतर सभा चालूच शकली नाही. आमदारताईंनी माइक खाली ठेवला आणि म्हणाल्या, “तुमच्याकडे काय सामान आहे ते मला दाखवाल?”

म्हणून आमदार आमच्या पडवीत आल्या. अर्धं गाव मागे. विलासभाऊंनी खोलीमागच्या अडगळीच्या पडघरातून सामान काढून ठेवलं. जाड दोराचं वेटोळं, ट्रकची फुगवलेली ट्यूब आणि एक लोखंडी गळ, तीन आकड्यांचा. ताईंनी गळ हातात घेतला, तो कशासाठी हे त्यांना कळलं, आणि त्यांनी तो लगेच खाली ठेवला. हात पदराला पुसला. मग पायरीवर बसल्या. सहायक म्हणाले, “मॅडम, पुढच्या गावाची वेळ झालीय.” त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

“भाऊ, एक सांगते,” त्या म्हणाल्या. “मी बोलले ते कामकाजात नोंदलं गेलंय. आता कुणीही काही मागायला गेलं तर सांगतील, तिथे पथक आहे की.”

सुनंदाताई चहाचे पेले घेऊन दारात थांबल्या. “म्हंजी बोट मिळायची न्हाई. आन् उद्या कोन बुडालं तर ह्यांनाच धरनार? पथकाचा प्रमुख कुटं व्हता म्हनून?”

आमदारताई म्हणाल्या, “हो. तसं होऊ शकतं.”

इतकं सरळ उत्तर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सुनंदाताईंनी चहाचे पेले पायरीवर ठेवले. विलासभाऊ दोराचं वेटोळं उचलून पडघरात ठेवून आले, दाराला कडी घातली आणि म्हणाले, “मग आजपासनं मी पान्यात जानार न्हाई.”

“नका जाऊ,” आमदारताई म्हणाल्या. “मी या आठवड्यात सभागृहात उभी राहून सांगते, की माझी माहिती चुकीची होती.”

सहायकांना राहवलं नाही. “मॅडम, आपलंच बोलणं खोटं होतं असं कोण सांगतं?”

“खोटं नव्हतं, चुकीचं होतं. आता गप्प बसले तर खोटं होईल.”

“आन् ह्यांचं नाव?” सुनंदाताईंनी विचारलं.

“घेणार नाही. सत्कारही नाही.”

चहा न पिताच आमदारताई निघाल्या. सोमवारी सकाळी जीपची वाट बघताना रुक्सानाने विलासभाऊंना विचारलं, “भाऊ, भीती वाटत नाही का हो?”

“पान्याची न्हाई वाटत,” ते म्हणाले. “काठावर थांबलेल्यांची वाटते. मी वर आलो की माझ्या तोंडाकडं कोन बघत न्हाई. हाताकडं बघत्यात.”



बुधवारी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत रुक्सानाने मोबाइल पुढे केला. विधानसभेचं कामकाज चालू होतं. आमदारताई उभ्या होत्या, आजूबाजूचे सदस्य आपसात बोलत होते. अध्यक्षांनी “थोडक्यात” म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, “अध्यक्ष महोदय, गेल्या आठवड्यात मी या सभागृहाला दिलेली माहिती चुकीची होती. त्या गावात पथक नाही, बोट नाही. दोन माणसं आहेत आणि एक दोर आहे. मी स्वतः बघून आले.” मागून कुणीतरी हसलं. कुणी काहीतरी ओरडलं, नीट ऐकू आलं नाही. त्या बोलणं संपवून, क्षणभर तशाच उभ्या राहून, खाली बसल्या. माझा विश्वास बसत नव्हता. रुक्सानाने तो तुकडा पुन्हा लावला, तेव्हा पटलं.

महिनाभराने सुनंदाताईंचा फोन आला. तालुक्याला आमदारताईंची टिंगल करणारे फलक लागले होते. पण सरकारी माणसंही येऊन धरण बघून गेली होती, आणि पाच गावांतल्या पोरांचं प्रशिक्षण सुरू झालं होतं. बोट अजून आलेली नव्हती.

“आणि भाऊ?” मी विचारलं.

“त्यांनी तो व्हिडिओ बघितला. म्हनले, एवढी मानसं बसलेली, आन् बाई एकलीच उभी. मग फोन घेतला आन् ताईंना सांगितलं, बोट येईपत्तोर मी हाय. मला न इचारता. मी लय दिस बोललेच न्हाई त्यांच्याशी.”

“मग ते पाण्यात उतरले?”

“दोनदा. दुसऱ्या खेपेला पोरगी जित्ती मिळाली. तवा बोलले त्यांच्याशी.”

त्या घराची आठवण काढली की मला भाताआधी ते कडी घातलेलं पडघर आठवतं, आणि जी बाई ती कडी उघडली म्हणून नवऱ्यावर रागावली ती आठवते. प्रवासाला जाताना आपण जागेची माहिती काढतो. तिथे आपल्यासाठी कोण पाण्यात उतरणार आहे, हे मी आजवर कधी विचारलं नव्हतं.

हे सगळं लिहू का, असं मी सुनंदाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “लिवा की. पन गावाचं नाव टाकू नका.”

“अहो, नाव टाकलं तर तुमच्या खोल्या भरतील.”

“व्हय. भरत्याल,” त्या म्हणाल्या. “म्हनूनच नको.”

म्हणून नाव लिहिलेलं नाही. कृपया मेसेज करून विचारू नका.