पिठल्यातल्या गुठळ्या

अंधेरीच्या टेस्टिंग लॅबमध्ये ती भेटायची. माझ्यासारखीच संशोधक, नाव कधी विचारलंच नाही. मशीनवर ताणण्याआधी प्लास्टिकची प्रत्येक पातळ फिल्म ती खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून बघायची.

प्लास्टिकची फिल्म मजबूत व्हावी म्हणून मी त्यात नॅनो-क्ले, म्हणजे अतिबारीक माती, वाढवत होते. तरी फिल्म फाटतच होती आणि माझे पीएचडीचे गाईड वैतागले होते. एकदा तिने माझी फिल्म उजेडात धरली.

"हे पांढरे ठिपके बघ. गुठळ्या झाल्यात गं! बेसन वाढवून पिठलं सुधारतं का? घोट नीट."

मी माती निम्मी केली आणि मिश्रण मन लावून घोटलं. पुढच्या खेपेला फिल्म फाटली नाही, तिला धरणारा मशीनचा चिमटाच निसटला! सांगायला वळले, तर ती स्वतःची फिल्म उजेडात धरून उभी.

"वाट लागली यार, गुठळ्या!"

"घोट नीट," मी म्हटलं.