टोप नंबर चार

टोपवाले काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मुंडकी धूत होते. एकूण सात. माझ्या वरच्याच मजल्यावर, भर दुपारी, बाल्कनीत. त्यातलं एक दोरीवर लटकत होतं आणि त्याचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या शर्टावर टपटपत होतं. मी जिना चढलो. एरवीच्या अठरा पायऱ्यांना त्या दिवशी एकशे ऐंशी पायऱ्या फुटल्या होत्या. शर्टासाठी भांडायचं की सरळ पोलिसांना बोलवायचं, हे बेल वाजवेपर्यंत माझं ठरलं नव्हतं. दार उघडलं ते डोक्यावर औषधालाही केस नसलेल्या साठीच्या माणसाने. हातात ओल्या केसांचा झुबका. "या, आत या. जरा लांबून, शाम्पू उडतोय."

काका सिनेमावाल्यांना केसांचे टोप करून देत. राजे, साधू, म्हाताऱ्या हे सगळं कुणीही करेल, पण पडद्यावर वेडा आणायचा म्हटलं की सगळे काकांकडे धाव घेत. तीस वर्षांत त्यांनी, त्यांच्याच शब्दांत, "दोनशे माणसं कामाला लावली आणि वेडी केली." त्यांच्याकडे वेडाचे नंबर होते. नंबर एक म्हणजे प्रेमभंग : केस जरासे विस्कटलेले, गाणं झालं की माणूस बरा. दोन म्हणजे धक्का बसलेली आई. तीन म्हणजे खुनी, केस डोळ्यांवर. आणि चार म्हणजे कोठडीतला पक्का वेडा, केस वीज पडल्यासारखे उभे.

"चार नंबरचा पुढे बरा होतो का हो?" मी विचारलं.

"छे! तो नुसता हसतो. बरा झाला तर सिनेमा कसा संपायचा?"

"पण आजार कोणता, हे विचारता का तुम्ही?"

"विचारलं होतं एकदा. दिग्दर्शक म्हणाले, आजार तुम्ही कशाला बघता, नंबर बघा."

मी पोट धरधरून हसलो. तीन महिन्यांनी मात्र हसायची सोय राहिली नाही.

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करतो. हात इतका हलका, की आमच्या घरातल्या सगळ्यांना दिसतं ते त्याच्यामुळे. त्याची झोप गेली. मग भूक गेली. मग शेजारच्या दुकानातले लोक आपल्याबद्दलच बोलतात असं त्याला वाटायला लागलं, आणि तो कामावर जायचा बंद झाला. मनाच्या डॉक्टरांकडे चल म्हटलं की आरशासमोर उभा राहून भांग पाडायचा. दिवसातून अकरा वेळा, माझ्या बायकोने मोजलं होतं.

"दादा, बघ माझ्याकडे. मी वेडा दिसतो का? एक केस तरी उभा आहे का?"

केस खरोखरच चापूनचोपून बसलेले. भाऊ मात्र एकोणीस रात्री जागा. त्याच्या हिशेबात डॉक्टरकडे जायचं ते केस उभे राहिल्यावर, आणि तिथे गेलेला माणूस खुर्चीला बांधला जातो, डोक्याला तारा लावतात, मग तो नुसता हसतो. हे सगळं तो आयुष्यभर तिकीट काढून शिकला होता. मी समजावलं, ओरडलो, पाया पडायचा तेवढा राहिलो. शेवटी हात टेकले आणि वर जाऊन काकांना सगळं सांगितलं.

काकांनी टोपांची पेटी उचलली आणि माझ्या मागोमाग खाली आले.

"काय रे बारक्या, वेडा दिसायचंय म्हणे तुला? बस इथे."

"मला नाही दिसायचं, काका!"

"बस म्हटलं ना. फुकट करतोय. सिनेमावाले पैसे मोजतात."

भाऊ बसला. काकांनी त्याच्या डोळ्यांखाली काजळी फासली, ओठ पांढरे केले आणि चार नंबरचा टोप चढवून आरसा समोर धरला. भाऊ पाहत राहिला. मग त्याच्या तोंडून हसू फुटलं. कित्येक आठवड्यांतलं पहिलं. माझी बायको स्वयंपाकघरातून धावत आली, दारातच थबकली आणि पदराने डोळे पुसू लागली.

"नीट बघून घे," काका म्हणाले. "हा माणूस जगात कुठेच नाही. हा मी केलाय, वरच्या खोलीत बसून, डिंक लावून." मग त्यांनी टोप काढला, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, भावाच्याच कंगव्याने त्याचा भांग पाडला. "आता हा बघ. हा खरा आहे. याला झोप नाही. डॉक्टरकडे याला न्यायचंय, त्याला नाही."

भाऊ आरशातच बघत होता. "तुम्हाला काय माहीत, काका?"

"बायको एकोणीस वर्षं गोळ्या घेते माझी. नकाशे काढायच्या कचेरीत हेड आहे. केस म्हणशील तर कमरेपर्यंत, नेहमी नीट विंचरलेले."

"मग तुम्ही असले टोप कशाला करता?"

काकांनी पेटीचं झाकण लावलं. "लोकांना तीन सेकंदांत कळायला हवं असतं रे. माझ्या घरातलं कळायला मलाच दोन वर्षं लागली."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आमच्याबरोबर निघाला. डॉक्टरांना सर्दी झाली होती. त्यांनी झोप, जेवण, काम यांची चौकशी केली, दोन वेळा शिंकले आणि गोळ्या लिहून दिल्या. बाहेर येऊन भाऊ माझ्यावर चिडला.

"दादा, मशीनच नाही आत! साधं वजनकाट्याचं मशीन तेवढं आहे."

त्या दिवशी मी काकांचे आभार मानायला गेलो, पण शब्द फुटेनात. एरवी माझ्या तोंडाला कुलूप घालायला दोन माणसं लागतात. काकांनी "शर्ट वाळला का?" असं विचारून माझी सुटका केली. जे मी भाऊ असून करू शकलो नाही, ते या टकल्या माणसाने एका टोपात करून दाखवलं. त्यांच्या हाताने पडद्यावर दोनशे वेडे गेले असतील, पण आमच्या घरातलं एक माणूस त्याच हाताने परत आणलं. हे उपकार फेडायचा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

पुढच्या सिनेमाच्या वेळी काकांनी दिग्दर्शकांना सांगून पाहिलं, की पेशंटचे केस विंचरलेले ठेवू. काम दुसऱ्याला गेलं आणि सिनेमा चांगला चालला. गुडघे दुखतात म्हणून काकांनी वर्षभरात धंदा बंद केला. भाऊ सकाळी एक आणि रात्री एक गोळी घेतो, काचा घासतो, आणि त्याचं वजन नऊ किलो वाढलं आहे.