मुलाखतीचा दिवस

तुरुंगातल्या बायकांचा अभ्यास करायला राज्य सरकारने समिती नेमली आहे, आणि तिच्यात मी आहे. हा आमचा चौथा तुरुंग. आज मुलाखतीचा, म्हणजे नातेवाइकांनी येऊन भेटण्याचा दिवस होता. पुरुषांच्या फाटकाबाहेर लांबलचक रांग होती आणि रांगेत सगळ्या बायकाच. नवऱ्यासाठी, मुलासाठी धुतलेले कपडे घेऊन उन्हात उभ्या. बायकांच्या फाटकावर मात्र शिपाई निवांत पेपर वाचत होता.

आत मी यादीतलं नाव पुकारलं, तशी पन्नाशीची सुमनताई समोर येऊन बसली. चापूनचोपून केस विंचरलेले, घडीची साडी.

"भेटायला कोण येतं?" मी प्रश्नावलीतला प्रश्न विचारला.

"कोणी नाही. पहिल्या वर्षी भाऊ येऊन गेला."

"मग आज एवढी तयारी?"

"या दिवशी मी आवरूनच बसते. नाव पुकारलं तर धांदल नको."

मी 'कोणी नाही' लिहिलं. सकाळपासून तेच लिहून हात आपसूक चालत होता. बाई आत गेली की घरचे तिचं नावसुद्धा काढत नाहीत. एवढं कळायला समिती लागते, याचाच शीण येतो.

उठताना ती थबकली. "बाई, आज नाव पुकारलं माझं. मुलाखत झाली म्हणून सांगू बराकीत?"

"सांगा," मी म्हटलं.

ती लगबगीने गेली. मी 'कोणी नाही' खोडलं नाही. पुढच्या मुलाखतीला मी येणार नव्हते.